गप्प लाइनीला भिणारे काका

काकांना मी जितका भ्यालो तितका बायकोला बी भ्यालो नाय, अन् आमची बायको काय साधीसुधी नाय. गंमत अशी की काका कधी ओरडले नाहीत, हात उगारला नाय, शिवी तर त्यांच्या तोंडाला बसतच नव्हती. ते फक्त अदबीनं बोलायचे. सगळ्यांना अहोजाहो. हमालाला अहो, चहावाल्याला अहो, शिडीखाली झोपलेल्या कुत्र्याला बी, "अहो, जरा सरकता का?" अन् राग आला की ही अदब वाढायची. रोजच्याला 'तुम्ही'. चुकलं की 'आपण'. लईच चुकलं की 'महाशय'. मला पहिल्यांदा 'महाशय' म्हणले त्या दिवशी मी डबा तसाच घरी आणला.

बायको म्हणली, "कामून? भाजी वाईट व्हती?"

"नाय. मला आज महाशय म्हणले."

"मग पेढे आणायचे ना!"

तिला काय सांगावं.

काका टेलिफोनच्या नोकरीतून रिटायर झालेले. घराणं पिढ्यान् पिढ्या कारकुनीतलं, त्यामुळं अक्षर असं की वाचता न येणाऱ्याला बी बघत बसावं वाटायचं. हे मी छातीठोक सांगतो, कारण मला वाचता येत नाय. पैठणकडं आमच्या गावात शाळा होती, मास्तर बी होते, मीच नव्हतो. रिटायर झाल्यावर काका कंपन्यांची, दवाखान्यांची टेलिफोनची अन् नेटवर्कची कामं घ्यायचे, अन् मी त्यांच्या हाताखाली. आधी भोकं पाडायला, मग केबल ओढायला, मग तारा बसवायला. आता ते पुण्याला लेकीकडं असतात.

वाळूजच्या एका कारखान्यात दोन माणसं खड्ड्यात उतरली होती अन् त्यांच्या जिवाची तार माझ्या हातात होती, ती गोष्ट मला सांगायची हाय. पण आधी काका सांगतो. एक तर त्यांच्याशिवाय ती कळायची नाय, अन् दुसरं, माझी लाज तेवढीच उशिरा निघेल.

लोकांना वाटतं वायर भिंतीतून गेली की झालं. तसं नसतं. शंभर खोल्यांच्या तारा एका खोलीत येतात अन् तिथं लोखंडी चौकटीवर, पट्ट्यांवर बसतात. त्या पट्टीला ब्लॉक म्हणायचं. एका अंगानं बाहेरची तार, दुसऱ्या अंगानं आतली, मधी ब्लॉक. ब्लॉकच्या जाती लई, अन् काका त्यांना सोयरेधायरे असल्यासारखे ओळखायचे. जुना टॅग ब्लॉक, त्याला पितळी काटे, काट्याला तार गुंडाळून कथलाचा डाग द्यायचा. काका म्हणायचे, "हे जुने गृहस्थ. एकदा शब्द दिला की मोडत नाहीत." स्क्रूचा ब्लॉक, "हे बोलघेवडे. वर्षात सैल पडतात." सिक्स्टी-सिक्स म्हणून एक असतो, उघड्या चिमट्यांच्या रांगाच रांगा, "यांचं सगळं चारचौघांत." वन-टेन कंगव्यासारखा, त्यात तारा बसवून वरून टोपी दाबायची, "हे आतल्या गाठीचे." अन् मग क्रोन. त्याला बारीक खाचा. खाचेत तार ठेवून पंचिंगच्या हत्यारानं ठोकली की कच्च वाजतं अन् तार बसती.

क्रोनमधी दोन भाऊ असतात, अन् माझं सगळं वाटोळं त्या दोघांत झालं. बाहेरून बघाल तर सारखे. दोघांच्या पोटात एक बारीक फट. एकाच्या फटीत काय बी घाला, लाइन चालूच राहती. दुसऱ्याच्या फटीत पत्र्याच्या दोन जिभा एकमेकीला टेकलेल्या असतात. मधी काय गेलं की जिभा सुटल्या अन् लाइन मेली. ते काढलं की पुन्हा चालू. टेस्टिंगला बरं पडतं म्हणून तसा केलेला. काका पहिल्याला 'थोरले' म्हणायचे, दुसऱ्याला 'धाकटे'.

"थोरले सहनशील आहेत. धाकट्यांच्या वाटेला विचारल्याशिवाय जाऊ नका."

ओळखायचे ते डोळ्यांनी नाय. "चौकटीमागे डोळे जात नाहीत, बोटं जातात," हे दिवसातून चारदा. त्यापायी दर गुरुवारी परीक्षा. स्टेशन रोडला एका टपरीवर बसून काका नाडीची खाकी पिशवी काढायचे, आत सगळ्या जातीचे ब्लॉक. हात घालायचा, एक धरायचा, बाहेर न काढता नाव सांगायचं. बरोबर आलं तर चहा. चुकलं तर काका स्वतःचा चहा बी प्यायचे नाहीत. समोर ठेवून गार होऊ द्यायचे अन् माझ्याकडं बघत बसायचे. मला त्या गार चहाचं सपान पडायचं. पिशवीत हात घालताना वाटायचं, आत काय तरी चावायला दबा धरून बसलंय. टपरीवाला मजा बघायचा.

"क्यों मियाँ, आज भी साँप पकडने आये क्या?"

काटेरी टॅग मला कळायचा, स्क्रू कळायचा, कंगवा कळायचा. थोरला का धाकटा, तेवढं कळायचं नाय. नख फटीत घालायचं, जीभ हलली तर धाकटा. काकांचं नख म्हणजे वैद्याचं. माझी नखं म्हणजे खुरपी. सहा गुरुवार नापास. सातव्याला मी अक्कल चालवली. आदल्या दिवशी पिशवी माझ्याकडं होती. डाग द्यायचं तापलेलं हत्यार घेतलं अन् धाकट्याच्या पाठीवर, कोपऱ्यात, एक टिपका दिला. सकाळी पिशवीत हात घातला, पाठीला टिपका लागला, म्हणलं, "धाकटे."

काका म्हणले, "शाब्बास." वर चहासंगं खारी बी मागवली. टपरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या, अन् मी बी जरा वाकून त्या घेतल्या.

काकांना स्वतःला भ्या कशाचं होतं? गप्प लाइनीचं. सापाचं नाय, साहेबाचं नाय, शॉकचं नाय. लाइन खरखरली की खूश. "ही सांगते आहे की दुखतंय. हिचं औषध होईल. गप्प लाइन दोन कारणांनी गप्प असते. काही घडलं नाही म्हणून, किंवा ती मेली म्हणून. बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येतं." हे सांगताना त्यांचा आवाज बसायचा अन् हाताची बोटं एकमेकांत घट्ट जायची.

म्हणून टेस्ट करायची त्यांची रीत न्यारी. लोक 'हॅलो हॅलो' करतात. काका फोन उचलून म्हणायचे, "एक, दोन, साडेतीन." पलीकडच्यानं म्हणायचं, "साडेतीन कसं, तीन ना?" तेव्हा काकांचं समाधान. हॅलोला माणूस झोपेत बी हॅलो म्हणतो. चूक काढायला जागा माणूस लागतो. एका दवाखान्यातली नर्सबाई बिचारी साधी, ती म्हणली, "बरं." काकांनी तिच्या मजल्याच्या सगळ्या तारा पुन्हा तपासल्या.

एकदा फर्दापूरला हॉटेलचं काम करून एसटीनं परत येत होतो. अर्धा तास झाला अन् काका एकदम उभे राहिले. "अहो कंडक्टर, थांबवा. मी एका लाइनीला शेवटचं विचारलं नाही."

कंडक्टर म्हणला, "बाबा, मोबाइल लावा की."

"मोबाइलला तार नाही. तो खोटं बोलला तर धरायचं कोणाला?"

उतरलो. टपावरची शिडी उतरवली. भर उन्हात, शिडी माझ्या खांद्यावर. लाइन चालू होती, खणखणीत.

मी म्हणलं, "काका, चालूच व्हती की."

"आत्ता चालू आहे. मघाशी तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं." अन् रस्त्याच्या कडेला दगडावर बसून घाम पुसत असे हसले, जसं घरातलं आजारी पोर उठून बसलंय.

आता वाळूज.

शीतपेयाच्या बाटल्या भरायचा कारखाना. बाटलीत बुडबुडे येतात तो गॅस, सीओटू, मोठ्या टाकीत भरलेला. टाकीखाली बारा पायऱ्या उतरून खड्डा, तिथं व्हॉल्व. साहेबानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "याला वास नाही, रंग नाही. जड असतो, खाली साचतो. माणूस बसल्या जागी पेंगतो आणि उठत नाही." म्हणून खड्ड्यात भिंतीला एक डबी बसवलेली. गॅस गळाला की डबी तारेवरून भोंग्याला सांगणार, भोंगा गेटवर, अन् एक खड्ड्याच्या तोंडाशी. भोंगा जुन्या पद्धतीचा. मधी तार तुटली तर तो बोंब मारत नव्हता, गप बसायचा. काकांनी ते ऐकलं अन् त्यांची बोटं एकमेकांत गेली.

"साहेब, हा भोंगा आधी बदला."

"पुढच्या वर्षी बघू. तुम्ही तुमचा ब्लॉक बदला."

रविवारी कारखाना बंद ठेवून आम्ही जुने टॅग काढले अन् क्रोन बसवले. तीन वाजता दुसरी पाळी येणार होती, अन् चारला दोन फिटर खड्ड्यात उतरून व्हॉल्व उघडणार होते. त्याच्या आत सगळ्या लाइनी जाग्या पाहिजेत. पन्नास जोड्या, त्यातल्या पाच खास: आगीची घंटा, लिफ्ट, गॅस, दवाखाना, गेट. सगळ्या जोड्या चौकटीच्या मागच्या अंगाला, खास पाच सगळ्यात वर. काकांचे गुडघे त्या वर्षी पार गेले होते, त्यामुळं ते पुढं स्टुलावर अन् मी मागं पोटावर आडवा. बारा वाजता काकांनी साहेबासमोर भोंगा वाजवून दाखवला. कानठळ्या बसल्या. साहेबानं सही घेतली, अन् पाळी आत आल्यावर तो पुन्हा वाजवायचा नाय, लोकं घाबरतात, असं बजावलं.

राहिली फक्त पन्नास जोड्यांची लेबलं. काका लाल शाईनं नावं लिहून फटीतून मागं द्यायचे, मी चिकटवायचो. मला वाचता येत नाय म्हणून खास जोड्यांना लेबल चिकटेपर्यंत खूण लागायची, मग ती काढायची. त्याला काकांनी लाल दोरा दिलेला, तारेला गाठ मारायला. पण पोटावर आडवं पडून गाठी मारायचा मला कंटाळा. माझी आपली जुनी युक्ती होती. खिशात कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका असायची, तिचे तुकडे करायचे अन् जोडीच्या फटीत एकेक खोचायचा. थोरल्यांवर वर्षानुवर्षं हेच केलं, काय बिघडलं नाय. हे थोरले का धाकटे, ते नखानं बघायचं असतं. माझ्या नखाला कळत नव्हतं. पाठीवर टिपका बी नव्हता. पाच तुकडे खोचले, पाच लेबलं चिकटवली, मग कागद काढून वरच्या खिशात टाकायला लागलो.

तेवढ्यात तीनच्या पाळीची शिट्टी झाली. कॅन्टीनमधी भज्यांचा घाणा निघालेला, वास थेट चौकटीमागं.

काकांनी पुढून विचारलं, "खुणा काढल्या का?"

"काढल्या," मी म्हणलं, अन् भज्यांकडं गेलो.

परत येताना नगर नाक्यावर चहाला थांबलो. दातात भज्यातल्या मिरचीचा तुकडा अडकला होता. कोरायला काय तरी बघावं म्हणून वरच्या खिशातून पत्रिकेचे तुकडे काढले. बाकड्यावर ठेवले. उगीच चाळा म्हणून ते जुळवायला लागलो. वर गणपती होता. सोंड आली, कान आले, पाय आले, उंदीर आला. पोट आलं नाय.

खिसा पुन्हा बघितला. पँटीचे खिसे बघितले. चार तुकडे. गणपतीच्या पोटाच्या जागी बाकड्याचं लाकूड दिसत होतं.

पहिला विचार काय आला सांगू? दोन फिटरांचा नाय आला. 'महाशय' म्हणतील, हा आला. मी तुकडे मुठीत घेतले अन् खिशात घालू लागलो. इतका मी थोर.

काका बशीत चहा ओतत होते. माझ्याकडं न बघताच म्हणले, "काय राहिलं?"

"काय नाय."

"तुमचा चहा गार झाला. तुमचा चहा कधी गार होत नाही."

मी मूठ उघडली. सगळं सांगितलं: दोरा नाय वापरला, कागद खोचले, पाच होते, चार आले. काकांनी बशी खाली ठेवली. चिडले नाहीत. 'आपण' म्हणले नाहीत. ते एवढंच म्हणले, "कोणती राहिली?"

मी डोळे मिटून बोटांनी आठवायला लागलो. वरून पहिला काढला, दुसरा काढला... कागद काढताना दुसऱ्याच्या खालीच हात थांबला होता, मग थेट चौथ्यावर गेला. तिथंच भज्यांचा वास आला होता.

"दुसरीच्या खालची. बारका तुकडा. आत सरकला असंल."

"वरून तिसरी." काका म्हणले. "गॅस."

घड्याळात चारला दहा कमी.

माझ्या मोबाइलवरून गेटला लावला. काकांनी जन्मात पहिल्यांदा मोबाइल कानाला लावला असंल. गेटवरचा चाचा उचलून म्हणला, "हाँ, बोलो काका."

"भोंगा वाजला का?"

"नक्को बोलो ना वैसा! एकदम शांत है इधर. पत्ता भी नहीं हिल रहा."

काकांनी डोळे मिटले. मी त्यांच्यासंगं सात-आठ वर्षं काढली, पण त्यांचं तोंड तसं कधी बघितलं नव्हतं. 'शांत' हे चाचानं आनंदाची बातमी म्हणून सांगितलं होतं.

साहेबाला जोडून दिलं. साहेब म्हणला, "काका, बाराला तुम्हीच वाजवून दाखवलात. आता म्हणता बंद असेल?"

"असेल नाही. आहे. खड्ड्यात कोणाला उतरवू नका."

"उतरले. दोघंही आत्ताच उतरले, व्हॉल्व खोलायला घेतलाय."

"वर काढा. माझ्यासाठी पाच मिनिटं काढा."

"बघतो."

फोन ठेवला. हा 'बघतो' मला चांगला माहीत होता, मी तो घरी रोज म्हणतो. दुसऱ्या कुणाला कागद काढायला सांगावं, तर आत सरकलेला कागद चौकटीमागं पोटावर पडून काढायचा, अन् फटीतल्या जिभा आम्हा दोघांनाच माहीत. काका माझ्या गाडीवर बसले. एरवी चाळीसच्या वर गाडी गेली की ते खांद्यावर टिचकी मारायचे. त्या दिवशी म्हणले, "पळवा."

शेंड्या उडाव्यात अशी पळवली. ट्रकच्या मधून, टेम्पोच्या बाजूनं. डोळ्यांपुढं ते दोघं खड्ड्यात बसलेले, पेंगलेले. कोण होते ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना माझ्या भावाचं तोंड लावलं, मग मेव्हण्याचं. माझ्यानं राहवंना.

"काका, अजून एक सांगायचंय. पिशवीतल्या धाकट्यावर मी..."

"टिपका दिला आहे. पाठीवर, डाव्या कोपऱ्यात."

गाडी हलली माझी. "तुम्हाला माहीत व्हतं?"

"त्याच गुरुवारी. तुमच्या बोटांना जळलेल्या प्लास्टिकचा वास येत होता."

"मग शाब्बास कामून म्हणले?"

एक मोठा कंटेनर शेजारून गेला, त्याचा आवाज सरल्यावर काका म्हणले, "माझे गुडघे वाकत नाहीत. मागे सरपटणारा माणूस मला हवा होता. तुम्ही नापास झाला असता तर मला कामं सोडावी लागली असती." मग म्हणले, "रस्त्याकडे बघा."

मला तवर वाटत होतं, लबाड मी एकटाच हाय. आपण किती बी घाण केली तरी वर काका हायेत, ते बघून घेतील, या भरवशावर मी जगत होतो. तो भरवसा त्या रस्त्यावर गळून पडला, अन् मला खरं भ्या तिथून वाटलं. त्याच्या आधीचं सगळं पोरखेळ.

गेटवर चाचानं रजिस्टर पुढं केलं. "एंट्री करो, हेल्मेट डालो."

काका म्हणले, "महाशय, बाजूला व्हा."

चाचा झाला बाजूला. मला बरं वाटलं, दुसऱ्याला बी लागतं ते.

खोलीत पळालो, चौकटीमागं पोटावर पडलो. बॅटरी तोंडात धरली, ती दात वाजायला लागले तशी खाली पडली अन् विझली. लाल लेबलं अंधारात काय दिसणार, अन् दिसून बी मला काय कळणार होतं. पुढून काका म्हणले, "डोळे सोडा. वरून मोजा. नख लावा."

पहिल्या फटीत नख घातलं. आत काय तरी हललं. बारीक, पापणीसारखं. सहा गुरुवार जे कळलं नाय ते तेव्हा कळलं. दुसरीत नख घातलं, तिथं बी जीभ हलली. तिसरीत नख गेलंच नाय. कागदाची कड लागली.

"सापडला."

"ओढू नका. हलके काढा."

ओढला. फाटला. अर्धा आतच. मला रडू फुटलं, खोटं कामून सांगू. करंगळीचं नख घातलं, नखाच्या मागं दुसरं नख, चिमटीत कड धरली अन् श्वास बंद करून बाहेर घेतली.

भोंगा वाजला.

असा वाजला की माझं डोकं वर चौकटीला आदळलं. मी ओरडलो, "काका, टेस्ट लावली का?"

"नाही," काका म्हणले. "मी काहीही लावलेलं नाही."

म्हणजे खालची डबी कधीची ओरडत होती. ऐकायला कुणी नव्हतं, मधी गणपतीचं पोट होतं.

बाहेर पळापळ. मी बी पळालो, दारातच पडलो अन् उठलो. खड्ड्याच्या तोंडाशी माणसं जमलेली. एक फिटर चार पायांवर वर आला, डोकं धरून बसला. दुसरा, मिशीवाला, खालच्या पायरीवर बसून राहिला होता. नळीचा मास्क लावून दोघं खाली गेले अन् त्याला काखेत धरून वर आणलं. त्याची मान लोंबत होती. त्याला उताणा टाकला, वारा घातला, तोंडावर नळी लावली. मी मोजत होतो, का मोजत होतो माहीत नाय. मग त्यानं खोकला काढला, ओकला, अन् पाणी मागितलं.

साहेब घामानं भिजलेला. आमच्या खोलीत आला अन् काकांचा हात दोन्ही हातांनी धरला. "काका, मानलं तुम्हाला! आज बसवलं अन् आजच कामाला आलं. दोन जीव वाचवले तुमच्या माणसानं."

मला सांगायला लाज वाटती, पण मी हात पुढं केला होता. शेकहँडला.

काकांनी स्वतःचा हात सोडवून घेतला. "साहेब, तसं झालेलं नाही. भोंगा आधीच वाजायला हवा होता. या लाइनीत आमचा कागद होता. तीन वाजण्याच्या आधीपासून."

"आमचा म्हणजे कोणाचा?"

मी खाली बघितलं. काका माझं नाव घेणार, अन् मग पोलीस, अन् मग बायको.

"यांनी घातला. आणि यांना काम येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून आमचा."

साहेबाचं तोंड बदललं. तो काय काय बोलला ते सांगायजोगं नाय. तुमचं काम बंद, कारखान्यात पाय ठेवायचा नाय, मालकाला काय सांगू, लेखी द्या. काका म्हणले, "देतो." साहेब कागद आणायला गेला. काका स्टुलावर बसून राहिले. पेनाचं टोपण सुद्धा काढलं नाय.

तेवढ्यात दारात मिशीवाला आला. एका कामगाराच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत. डोळे लाल. त्यानं बाहेरून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता मारंल. मी मनातून म्हणलं, मार बाबा, एकदाचं मार.

तो म्हणला, "कुठं व्हता कागद? दाखव."

मी त्याला मागं नेलं. तो कसाबसा खाली बसला. मी त्याचं बोट धरलं अन् तिसऱ्या जोडीच्या फटीवर ठेवलं. बोट फिटरचं, जाड. फटीत नखाचं टोक बी गेलं नाय.

"एवढ्यात?"

"एवढ्यात."

त्यानं बोट काढलं नाय. माझ्याकडं न बघताच म्हणला, "रात्रीपर्यंत माझीच पाळी हाय खाली. उद्या बी. बाकीच्यात काय नाय ना?"

"नाय."

"मघाशी बी नाय म्हणला असशील."

मी पुन्हा पोटावर आडवा झालो.

"बघ. एकेक बघ. माझ्यासमोर."

मी पहिल्या जोडीपासून नख घालत गेलो. प्रत्येकीत जीभ हलायची अन् मी म्हणायचो, "हाय." पुढून काका मोजायचे. मिशीवाला भिंतीला टेकून बसलेला, मधीच खोकायचा, पण डोळा माझ्या बोटावरून हलवायचा नाय. साहेब कागद घेऊन आला अन् दारातच थांबला. पन्नासावी झाली. माझं नख फाटलं होतं, रक्त आलं होतं. मी म्हणलं, "झालं. सगळ्या हायेत."

मिशीवाल्यानं नाक पुसलं.

"परत एकदा," तो म्हणला.

मी पहिलीपासून सुरू केलं.